जर्मनीला निघताना: विमा, औषधं, दात आणि मागे राहणारे आई-वडील

जर्मनीत उपचार स्वस्त पडतात की महाग, याला एकच उत्तर नाही. विमा योग्य दिवशी सुरू झालेला असेल, तर मोठं ऑपरेशन होऊन दहा दिवस इस्पितळात राहिलेल्या माणसाच्या खिशातून १०० युरो जातात. विम्यात आठवड्याभराची फट राहिली असेल, तर त्या आठवड्यात मोडलेल्या मनगटाचं सगळं बिल स्वतः भरावं लागतं. हा फरक बहुतेक वेळा निघण्याआधीच्या आणि पोचल्यानंतरच्या तीन-तीन महिन्यांत, कागदांवरच ठरून जातो. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा निवास परवाना) जाणारे, शिकायला जाणारे, नर्सिंगच्या कामाला जाणारे, सगळ्यांना हे लागू आहे. पुढचे आकडे २०२६ सालचे आहेत. यातले बरेच दर जानेवारीत बदलतात, म्हणून तुमच्या वर्षाचे आकडे एकदा पडताळून घ्या.

सार्वजनिक विमा आणि खाजगी विमा

जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य विमा सक्तीचा आहे. तो दोन प्रकारचा असतो. सार्वजनिक विमा ज्या संस्था चालवतात त्यांना क्रांकेनकासे, थोडक्यात कासे, म्हणतात. टीके, आओके, बार्मर, डीएके ही त्यातली मोठी नावं. इथे हप्ता पगाराच्या टक्केवारीत ठरतो. वय किती, शुगर आहे का, मागे ऑपरेशन झालंय का, यातलं काही विचारत नाहीत आणि जुन्या आजारांसाठी थांबायलाही लागत नाही. भारतात विम्याच्या फॉर्मवर बीपीची गोळी लिहू की नको या विवंचनेत दिवस काढलेल्या माणसाला हे सुरुवातीला खरं वाटत नाही, पण व्यवस्था तशीच आहे. खाजगी विमा मात्र वय आणि तब्येत बघून माणशी हप्ता लावतो, आधीचे आजार वगळू शकतो किंवा अर्ज नाकारू शकतो.

हप्त्याचा हिशोब असा. मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के. त्यावर प्रत्येक कासेचा स्वतःचा जादा दर असतो, त्याची २०२६ ची ठरवलेली सरासरी २.९ टक्के. ही बेरीज तुम्ही आणि मालक अर्धी-अर्धी भरता. शिवाय दीर्घकालीन शुश्रूषेचा वेगळा विमा ३.६ टक्के, तोही अर्धा-अर्धा. फक्त सॅक्सनी राज्यात त्याची विभागणी वेगळी आहे. मूल नसलेल्या, २३ वर्षांवरच्या माणसाला त्यात ०.६ टक्के जास्त बसतात आणि ते पूर्ण त्याच्याच पगारातून जातात.

म्हणजे महिना ५,००० युरो एकूण पगार असेल, तर आरोग्य विम्याचे तुमच्या वाट्याचे ४३७.५० युरो आणि शुश्रूषा विम्याचे ९०, मूल नसेल तर १२०. ऑफर लेटरवरचा आकडा बघून भाड्याचं घर ठरवणाऱ्यांनी हे आधी वजा करावं. कर आणि पेन्शनची कपात याखेरीज आहे. महिना ५,८१२.५० युरोंच्या वरच्या पगारावर हे हप्ते लागत नाहीत, त्यामुळे रक्कम तिथे अडते.

यात एक बारीक गोष्ट हमखास राहून जाते. मूल भारतात आजी-आजोबांकडे असलं तरी तुम्ही पालकच असता. मुलाचा जन्मदाखला, भाषांतरासह, पहिल्याच महिन्यात कंपनीच्या पगार विभागाला दिला नाही, तर मूल नसलेल्यांचा जादा हप्ता निमूटपणे कापला जात राहतो.

जास्त पगार असलेल्यांसाठी तीन महिन्यांची मुदत

वर्षाला ७७,४०० युरोंपर्यंत पगार असेल तर सार्वजनिक विमा बंधनकारक आहे आणि प्रश्न तिथेच मिटतो. त्याहून जास्त पगाराची पहिली जर्मन नोकरी असेल, तर मात्र निवड तुमच्यावर येते. सार्वजनिक विम्यात स्वेच्छेने शिरण्यासाठी कामावर रुजू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत हुकली, तर पुढे मार्ग उरतो खाजगी विम्याचाच.

याच सुमाराला दलालांचे फोन आणि लिंक्डइनवर निरोप यायला लागतात. ‘हप्ता निम्मा, डॉक्टरची वेळ लगेच,’ असं ते सांगतात आणि एकट्या, धडधाकट, अठ्ठावीस वर्षांच्या माणसापुरतं ते खरंही असतं. पण खाजगी विम्यात बायको, मुलं, प्रत्येकाचा हप्ता वेगळा. सार्वजनिक विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. खाजगीत बिल आधी तुम्ही भरायचं, मग परताव्याची वाट बघायची. वय वाढेल तसा हप्ता चढत जातो. आणि परत फिरणं अवघड आहे: पगार मर्यादेखाली यावा लागतो, आणि पंचावन्नीनंतर तोही रस्ता जवळपास बंद होतो. कुटुंब नेण्याचा किंवा वाढवण्याचा विचार असेल तर सार्वजनिक विमाच घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

या दोन्हींखेरीज महिना तीस-चाळीस युरोंच्या ‘परदेशातून येणाऱ्यांसाठी’ पॉलिस्या विकल्या जातात. त्या प्रवास विम्याच्या जातकुळीतल्या आहेत. आधीचे आजार वगळलेले, बाळंतपण बहुधा वगळलेलं, दातांना नावापुरती रक्कम. नोकरदाराला कायमचा विमा म्हणून त्या चालत नाहीत आणि निवास परवाना वाढवताना त्यामुळेच अर्ज अडकतो.

निघण्याआधी: दात सगळ्यात आधी

तयारीत वेळ सगळ्यात जास्त दातांना लागतो, म्हणून तिकडून सुरुवात करा. निघण्याच्या निदान दोन महिने आधी सगळ्या दातांचा मोठा एक्स-रे काढून घ्या. रूट कॅनल निघाली तर दोन-तीन बैठका, मग कॅपचं माप, मग कॅप बसवणं, यात तीन आठवडे सहज जातात, आणि बसवलेली कॅप चावताना टोचते का ते कळायला आणखी आठवडा लागतो. कॅप न बसवता, तात्पुरतं सिमेंट भरून विमानात बसू नका. ते काही आठवड्यांत निघतं आणि मग तीच कॅप युरोंत करून घ्यावी लागते.

जर्मनीत सार्वजनिक विमा तपासणी, साधं फिलिंग आणि दात काढणं यांचा खर्च उचलतो. कॅप, ब्रिज, कवळी यांना मात्र ठरावीक साध्या उपचाराच्या ६० टक्के मदत मिळते. इम्प्लांटचा मोठा भाग स्वतःवर येतो. दरवर्षी तपासणीला जाऊन तिथल्या बोनस वहीत शिक्का घेतला, तर पाच वर्षांनी ही मदत ७० टक्के आणि दहा वर्षांनी ७५ टक्के होते. दात ठणठणीत असले तरी पहिल्या वर्षापासून ही वही सुरू करा. शिक्के मागच्या तारखेने मिळत नाहीत.

चष्म्याचं सोपं आहे. मोठ्यांच्या साध्या नंबरचा चष्मा सार्वजनिक विम्यात येत नाही. दोन चष्मे करून घ्या, नंबरचा कागद जवळ ठेवा.

औषधं

रोजची औषधं स्वतःच्या वापरापुरती, साधारण तीन महिन्यांची, बरोबर नेता येतात. ती मूळ पट्ट्यांतच ठेवा. सुट्या गोळ्या डब्यांत भरून नेऊ नका. बरोबर डॉक्टरांचं इंग्रजीत पत्र हवं: पासपोर्टवर आहे तसंच नाव, आजार, औषधाचं मूळ नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा. ब्रँडचं नाव तिथल्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. ‘थायरोनॉर्म ७५’ ऐवजी ‘लेव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम, सकाळी उपाशीपोटी १’ आणि ‘टेल्मा ४०’ ऐवजी ‘टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, सकाळी १’ असं लिहून घ्या.

एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेली मिश्रणं आपल्याकडे खूप चालतात. शुगर आणि बीपीची अशी कित्येक मिश्रणं तिथे त्याच स्वरूपात मिळत नाहीत. मिश्रणातली औषधं आणि प्रत्येकाची मात्रा पत्रात सुटी करून लिहिलेली असेल, तर तिथला डॉक्टर वेगवेगळ्या गोळ्या देऊ शकतो. थायरॉइडच्या गोळीचा उत्पादक बदलला की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्त-तपासणी) पुन्हा करून घ्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक धोका नीट समजून घ्यावा. आपल्याकडच्या कुप्यांमध्ये बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि सिरिंजही त्याच मापाची असते. पेन आणि काडतुसांमध्ये १०० युनिट असतात. जर्मनीत मुख्यतः १०० युनिटची पेनं वापरतात. ४० च्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन ओढलं, तर डोस अडीच पट होतो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. शक्य असेल तर निघण्याच्या दोन महिने आधी डॉक्टरांना विचारून पेनवर या, म्हणजे हात बसतो. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठून वाया जाऊ शकतं.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांना अमली पदार्थांचे नियम लागतात. त्या फार तर तीस दिवसांच्या, आणि डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासहच न्याव्यात. पोचल्यावर घरून पार्सलने कुठलीही औषधं मागवू नका. युरोपीय संघाबाहेरून खाजगी व्यक्तीला पोस्टाने औषधं येणं नियमात बसत नाही आणि कस्टम्स पार्सल अडवतं. दिवाळीच्या फराळात घातलेली पट्टीसुद्धा अख्खं पार्सल अडकवू शकते.

अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पॅरासिटामोल मिळतं, पण ५०० मिलिग्रॅमच्या २० गोळ्यांहून मोठ्या पाकिटाला चिठ्ठी लागते, आणि तेही फक्त आपोथेके म्हणजे औषधाच्या दुकानात. डीएम किंवा रोसमन या साबण-शाम्पूच्या दुकानांत शाम्पू, पट्ट्या आणि जीवनसत्त्वं मिळतील, तापाची गोळी नाही. रविवारी-रात्री पाळीने एखादंच दुकान उघडं असतं आणि खिडकीतून औषध देताना २.५० युरो जादा घेतं.

कागदांची फाइल

जुने रिपोर्ट पोतंभर नेऊ नका. कोणी ते वाचत नाही. गेल्या दोन वर्षांतले महत्त्वाचे रक्त-तपासणीचे कागद, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, स्टेंट किंवा रॉड बसवला असेल तर त्याचं कार्ड, अ‍ॅलर्जीची नोंद, रक्तगट, हे बस्स. एक्स-रे आणि एमआरआय यांचं लेखी निदान इंग्रजीत असावं आणि चित्रं पेनड्राइव्हवर. रिपोर्टवर एककं छापलेली आहेत का ते बघा. जर्मनीत काही ठिकाणी रक्तातली साखर वेगळ्या एककात मोजतात आणि एकक नसलेला आकडा तिथे निरुपयोगी ठरतो.

लसीकरणाचं पुस्तक मात्र जिवापाड जपा. १ मार्च २०२० पासून पाळणाघर आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे: एक वर्षावरच्या मुलाला एक डोस, दोन वर्षांवरच्याला दोन. इस्पितळात काम करणाऱ्या आणि १९७० नंतर जन्मलेल्या प्रत्येकालाही तो द्यावा लागतो, म्हणून परिचारिकांनी हा कागद निघण्याआधीच तयार ठेवावा. आपल्याकडचं कार्ड पुष्कळदा मराठीत, तारखा पेनाने लिहिलेल्या आणि शिक्का पुसट असतो. त्याच डॉक्टरांकडून किंवा आरोग्य केंद्रातून लसीचं नाव, तारीख, सही-शिक्का असलेला इंग्रजी दाखला करून घ्या. पुस्तकच हरवलं असेल तर रक्तात प्रतिपिंडं तपासून किंवा पुन्हा लस घेऊन काम भागतं.

विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले अपोस्टील (परदेशात चालण्यासाठीचं सरकारी प्रमाणीकरण) करून घ्या. त्यांचं काम व्हिसापुरतं संपत नाही. जोडीदाराला आणि मुलांना तुमच्या विम्यात घालताना तेच पुन्हा पुढे करायचे असतात.

आई-वडील मागे राहतात तेव्हा

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते टाळणं सगळ्यात सोपं आहे. कंपनीच्या गट विम्यात आई-वडील असतात. तुम्ही राजीनामा देता आणि शेवटच्या दिवशी तुमच्याबरोबर त्यांचंही संरक्षण संपतं. त्यानंतर नवी पॉलिसी घेतली, तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून राजीनामा देण्याआधीच त्याच विमा कंपनीला विचारा की गट विम्यातून वैयक्तिक पॉलिसीत बदली कशी होईल. तशी सोय आहे आणि त्यात आधी काढलेला काळ धरला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी लागत नाही, तेवढा हप्ता हलका झाला आहे.

वय सत्तरच्या पुढे असेल तर उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. आधारवर नोंदणी होते, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. आई आणि वडील दोघंही सत्तरीपुढचे असतील, तर हे ५ लाख दोघांत मिळून आहेत. खाजगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं. कार्ड काढून कपाटात ठेवू नका. घराजवळचं कुठलं इस्पितळ यादीत आहे आणि तिथे हृदयाचे किंवा सांध्यांचे कोणते उपचार योजनेत होतात, ते आजच विचारून ठेवा.

आता हप्त्यांचं. परदेशी गेल्यावर तुमचं भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करावं लागतं. खातं बदललं की विम्याचा हप्ता आपोआप कापण्याची परवानगी पुष्कळदा तुटते, सूचना जुन्या मोबाइलवर येते आणि वार्षिक पॉलिसीची तीस दिवसांची सवलत नकळत उलटून जाते. पॉलिसी बंद पडली की थांबण्याचा काळ पुन्हा शून्यापासून. म्हणून खातं बदलल्याबरोबर हप्त्याची परवानगी नव्याने द्या, भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा आणि पॉलिसीवर दुसरा संपर्क म्हणून इथल्याच भावाचा, बहिणीचा किंवा शेजाऱ्यांचा नंबर टाका. पॉलिसीची प्रत, विमा कार्ड, आधार, पॅन आणि चालू औषधांची यादी एका पाकिटात घालून आई-वडिलांच्या दाराजवळच्या कपाटात ठेवा. रात्री दोन वाजता कॅशलेसचा फॉर्म भरताना हेच शोधत बसावं लागतं.

स्वतःची भारतातली पॉलिसीही, तीन-चार वर्षांत परतण्याची शक्यता असेल तर, छोट्या रकमेची का होईना चालू ठेवा. तिचा उपयोग भारतातल्या उपचारांपुरताच, पण काढलेली वर्षं जमा राहतात. एक मात्र लक्षात असू द्या: जर्मनीत कोणताही भारतीय विमा तिथल्या सक्तीच्या आरोग्य विम्याच्या जागी चालत नाही. दोन देशांमधला १ मे २०१७ पासून लागू असलेला सामाजिक सुरक्षा करार पेन्शनपुरता आहे, आरोग्य विमा त्यात येत नाही.

विमानतळ ते कामाचा पहिला दिवस

नोकरदाराचा सार्वजनिक विमा रुजू होण्याच्या दिवशी सुरू होतो, उतरल्याच्या दिवशी नाही. २० तारखेला उतरून १ तारखेला रुजू होणार असाल, तर मधल्या दिवसांसाठी प्रवास विमा हवा आणि व्हिसासाठीही तो मागतात. तो रुजू होण्याच्या तारखेला संपणारा घेऊ नका, पुढे दोन-तीन आठवडे राहू द्या. कंपनीने रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली, की नेमकी तिथेच फट पडते.

कासे निवडण्याचं काम भारतातूनच ऑनलाइन उरकता येतं. पासपोर्ट, नोकरीचा करार, फोटो आणि तिथला पत्ता लागतो; पत्ता नंतर कळवला तरी चालतो. सगळ्या कासे जवळपास सारखेच उपचार देतात. फरक जादा दरात, इंग्रजीतून बोलणाऱ्या सेवेत आणि दात-सफाई किंवा प्रवासाच्या लसी अशा थोड्या जादा सोयींत असतो. एकदा घेतली की साधारण बारा महिने बदलता येत नाही, मात्र जादा दर वाढवला तर आधीही सोडता येते. प्लास्टिकचं कार्ड घरी यायला काही आठवडे लागतात. तोवर सदस्यत्वाचं पत्र मागून घ्या, डॉक्टरकडे तेही चालतं. टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर कार्ड परत जातं. पहिल्याच दिवशी आडनावाची पट्टी चिकटवा.

तिथे डॉक्टर कसा मिळतो

पोचल्यावर पहिल्या महिन्यात, काही दुखत नसतानाच, घराजवळचा हाउसआर्त्स्ट म्हणजे फॅमिली डॉक्टर शोधा. कित्येक दवाखाने नवे पेशंट घेत नाहीत, आणि अंगात १०२ ताप असताना दहा ठिकाणी फोन करणं होत नाही. डॉक्टोलिब अ‍ॅपवर भाषेनुसार शोधता येतं. दुभाष्याचे पैसे विमा देत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ, डोळ्यांचे आणि दातांचे डॉक्टर यांच्याकडे थेट जाता येतं. बाकीच्यांकडे फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी घेऊनच जावं. तज्ज्ञाची वेळ दोन-तीन महिन्यांनंतरची मिळते. खरोखर घाई असेल तर फॅमिली डॉक्टरला चिठ्ठीवर तातडीचा कोड घालायला सांगा. तो कोड डॉक्टरांच्या वेळा मिळवून देणाऱ्या सेवेच्या ११६११७ या नंबरवर किंवा त्यांच्या साइटवर दिला, की चार आठवड्यांच्या आत वेळ मिळवून देणं त्यांच्यावर बंधनकारक असतं. हाच नंबर रात्री आणि सुट्टीच्या दिवशी, जिवाला धोका नसलेल्या आजारांसाठी आहे. छातीत दुखणं, अर्धांगवायूची लक्षणं, श्वास लागणं, अपघात: यांना सरळ ११२ हा आणीबाणीचा नंबर.

दर तिमाहीच्या पहिल्या भेटीला कार्ड यंत्रात घालतात. औषधाची चिठ्ठी १ जानेवारी २०२४ पासून कागदावर नसून त्याच कार्डामार्फत औषधाच्या दुकानात दिसते. औषधामागे किमतीच्या १० टक्के, पण निदान ५ आणि फार तर १० युरो तुम्ही भरता. इस्पितळात दिवसाला १० युरो, वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवसांचे. अठरा वर्षांखालच्यांना हे दोन्ही माफ. वर्षभरातले हे सगळे वाटे घराच्या एकूण उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या वर गेले, दीर्घ आजार असलेल्यांना १ टक्क्याच्या वर गेले, तर वरचे पैसे परत मागता येतात. पावत्या एका डब्यात टाकत जा.

दवाखान्यात स्वतःच्या खर्चाच्या तपासण्याही सुचवतात: डोळ्यांतला दाब, कारण नसताना ड जीवनसत्त्व, जादा सोनोग्राफी. यांना इगेल म्हणतात. सही करण्याआधी ‘हे विम्यात आहे का?’ एवढं विचारा आणि नको असेल तर निःसंकोच नाही म्हणा. आपल्यासारखं ‘फुल बॉडी चेकअप’ तिथे नाही. १८ ते ३४ वयात एकदा आणि ३५ नंतर दर तीन वर्षांनी ठरलेली तपासणी फुकट होते.

आजारी पडलात तर पहिल्याच सकाळी कामावर कळवा. आजार तीन दिवसांच्या पुढे गेला तर डॉक्टरचा दाखला लागतो, आणि कंपनी तो पहिल्या दिवसापासूनही मागू शकते. नोकरीला चार आठवडे झाले असतील, तर सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो. त्यानंतर कासे एकूण पगाराच्या ७० टक्के देते, पण हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांहून जास्त नाही.

जोडीदार, मुलं आणि विद्यार्थी

जोडीदाराचं महिन्याचं उत्पन्न ५६५ युरोंच्या आत असेल तर तुमच्याच हप्त्यात त्याचा किंवा तिचा विमा होतो. ६०३ युरोंपर्यंतच्या मिनिजॉबलाही, म्हणजे छोट्या अर्धवेळ नोकरीलाही, चालतं. पण भारतातलं उत्पन्नही मोजतात, हे पुष्कळांच्या गावी नसतं. बायकोच्या नावावरच्या पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि मुदत ठेवींचं व्याज मिळून, एका युरोला १०० रुपये धरले तर, महिना ५६,५०० रुपयांच्या वर गेलं की तिला स्वतंत्र हप्ता भरावा लागतो. कासेचा फॉर्म दरवर्षी येतो. लपवलेलं पुढे उघड झालं तर मागचे हप्ते एकदम वसूल होतात.

पत्नी गरोदर असताना येणार असेल तरी सार्वजनिक विम्यात अडचण नाही. तिथे राहायला आल्यापासून तपासण्या आणि बाळंतपण त्यात येतं. सुईण, जिला हेबामे म्हणतात, तिच्या घरी येऊन केलेल्या भेटीही विम्यातच. मात्र सुईणी कमी आहेत, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच शोधायला लागा.

विद्यार्थ्यांना तिशीपर्यंत सार्वजनिक विम्याचा सवलतीचा दर मिळतो, शुश्रूषा विम्यासह महिना साधारण १४० ते १५५ युरो. स्वस्तातला खाजगी विमा घेऊन सार्वजनिकमधून सूट घेतली, तर ते शिक्षण संपेपर्यंत बदलता येत नाही. दुसऱ्या वर्षी मोठा आजार निघाला तरी परतीचं दार बंद. तिशी ओलांडलेल्यांनी आणि फक्त भाषेच्या कोर्सला जाणाऱ्यांनी प्रवेश घेण्याआधीच कासेला लेखी विचारावं, कारण त्यांना हा दर लागू होत नाही.

आई-वडील भेटीला येतात तेव्हा

त्यांना तुमच्या विम्यात घालता येत नाही. शेंगेन व्हिसाला निदान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो, पण सर्वात स्वस्त पॉलिसी व्हिसा मिळवून देते, इस्पितळ नाही. पॉलिसीत तीन गोष्टी शोधा: आधीच्या आजारातून अचानक उद्भवलेल्या संकटाला किती रक्कम, सत्तरीनंतर आजारागणिक मर्यादा आहे का, आणि इस्पितळाला विमा कंपनी थेट पैसे देते की नाही. अर्जात बीपी-शुगर खरं लिहा. दावा आला की कंपनी आधी जुन्या चिठ्ठ्याच मागते. औषधं नव्वद दिवसांची पूर्ण द्या, कारण तिथे संपली तर खाजगी पेशंट म्हणून डॉक्टरची फी आणि औषधाची पूर्ण किंमत भरावी लागते.

नोकरी सुटली किंवा देश सोडला तर

नोकरी संपली की सार्वजनिक विमा आपोआप थांबत नाही. तुम्ही काही कळवलं नाहीत, तर कासे तुम्हाला स्वेच्छा सदस्य म्हणून पुढे चालवते आणि उत्पन्न विचारणारं पत्र पाठवते. त्या पत्राला उत्तर गेलं नाही, तर सर्वोच्च दराने आकारणी होते, शुश्रूषा विम्यासह महिना १,२०० युरोंच्या वर. जर्मन कळत नाही म्हणून पाकीट न फोडता ठेवल्याने असा डोंगर उभा राहतो. बेरोजगार भत्ता मिळत असेल तर हप्ता रोजगार कचेरी भरते, पण त्यासाठी तिथे वेळेत नोंद हवी.

भारतात परतताना नगरपालिकेत पत्ता रद्द करून त्याचा दाखला घ्या आणि शेवटच्या तारखेसह कासेला पाठवा. नुसतं विमानात बसून गेलात, तर तिकडे हप्ते चढत राहतात. दाखल्याची एक प्रत आणि कासेचं सदस्यत्व संपल्याचं पत्र जपून ठेवा. पुढे कधी पुन्हा जर्मनीत नोकरी लागली, तर मधल्या काळात तुम्ही तिथे नव्हता याचा पुरावा कासे याच दोन कागदांवर मागते.